शिल्लक आणि उलाढाल : समुद्रातल्या सूक्ष्म चरणाऱ्यांवरच्या प्रकल्पाच्या नोंदी

४ ऑक्टोबर

प्रकल्पाचा प्रश्न आज एका वाक्यात लिहून टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवला : पाण्यात एका दिवसात जेवढं हिरवं उगवतं, त्यातलं किती त्याच दिवशी खाल्लं जातं, आणि त्या खाण्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्यांचा हात किती?

वर्षभर हा प्रश्न माझ्या मागे लागलेला आहे. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणातलं जवळजवळ निम्मं काम समुद्रातल्या तरंगत्या एकपेशीय वनस्पती करतात, म्हणजे वनस्पतिप्लवक. पण कुठल्याही एका क्षणी पृथ्वीवरच्या सगळ्या वनस्पती तोलल्या, तर त्यात या प्लवकांचा वाटा एक टक्काही भरत नाही. जंगल वर्षानुवर्षं लाकूड साठवतं. समुद्रात साठत काही नाही. उगवलं की संपलं. उपग्रहाच्या चित्रात दिसणारा हिरवा रंग ही खात्यातली शिल्लक आहे. उलाढाल त्यात दिसत नाही. शिल्लक तीच राहिली तरी उलाढाल दहापट असू शकते, आणि मला मोजायची आहे ती उलाढाल.

७ ऑक्टोबर

नावं आणि मापं आधी पक्की करून घेतली, नाहीतर पुढे घोळ होतो. २० ते २०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) म्हणजे सूक्ष्मप्लवक, २ ते २० नॅनोप्लवक, ०.२ ते २ पिकोप्लवक. आमचे चरणारे मुख्यतः पहिल्या दोन गटांतले : पक्ष्माभ, म्हणजे केसांसारखे हलणारे आखूड धागे, असलेले सिलिएट, दोन कशाभिका, म्हणजे चाबकासारखे लांब धागे, असलेले डायनोफ्लॅजेलेट, आणि त्यांच्याहून लहान, रंगहीन कशाभिकाधारी. बहुतेक सगळे एकपेशीय. त्यांना प्राणी म्हणायचं ते केवळ सवयीने.

एका मिलिलिटर समुद्राच्या पाण्यात ढोबळमानाने दहा लाख जिवाणू, हजारभर कशाभिकाधारी आणि अवघे काही सिलिएट असतात. हे आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहेत. मोजायला बसल्यावर हाताशी लागतात.

हे जीव इतकी वर्षं नजरेआड का राहिले, याची एक सुंदर हकीकत आहे. 'प्लँक्टन' हा शब्द व्हिक्टर हेन्सेन यांनी १८८७ मध्ये रूढ केला आणि ते मोजायला रेशमी जाळी वापरली. हान्स लोहमान यांना शंका आली की जाळीतून बरंच काही निसटतंय. त्यांनी पाहिलं कुठे, तर अपेंडिक्युलेरियन नावाच्या चिमुकल्या प्राण्याच्या घरट्यात. हा प्राणी स्वतःभोवती श्लेष्माचं घर विणतो, आणि त्या घरातली गाळणी माणसाच्या कुठल्याही जाळीपेक्षा बारीक असते. त्या गाळणीत अडकलेल्या पेशी जाळीत कधी आल्याच नव्हत्या. १९११ मध्ये लोहमान यांनी त्यांना 'नॅनोप्लँक्टन' म्हटलं. जाळीला जे दिसत नाही ते पाहायला त्यांनी दुसऱ्या एका जीवाची जाळी उसनी घेतली, याचं मला फार कौतुक वाटतं.

१२ ऑक्टोबर

पद्धत ठरली : विरलन प्रयोग.

अडचण अशी. गुरं शेतातून हाकलून कुंपण घातलं की गवत किती वाढतं ते कळतं. इथे गवत आणि गुरं एकाच मापाची. १५ मायक्रॉनची वनस्पतिपेशी आणि तिला खाणारी १५ मायक्रॉनची डायनोफ्लॅजेलेट, दोघी एकाच चाळणीतून खाली पडतात. वेगळं करण्याचा मार्गच नाही.

मायकेल लँड्री आणि हॅसेट यांनी १९८२ मध्ये यावर तोड काढली : वेगळं करू नका, पातळ करा. समुद्राचंच पाणी ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून निर्जीव करायचं आणि ते मूळ पाण्यात वेगवेगळ्या प्रमाणात मिसळायचं. एकेक वनस्पतिपेशी आपल्या वेगाने विभागत राहते, तिला शेजारी किती आहेत याच्याशी देणंघेणं नाही. पण खाणारा आणि खाद्य यांची गाठ पडणं विरलनाबरोबर घटतं. पाणी निम्मं केलं की एका पेशीला खाणारा भेटण्याची शक्यता निम्मी. चोवीस तासांनी प्रत्येक बाटलीतली निव्वळ वाढ मोजायची आणि आलेखावर आडव्या अक्षावर मूळ पाण्याचं प्रमाण, उभ्यावर वाढ मांडायची. बिंदू उतरत्या रेषेवर बसतात. रेषेचा उतार म्हणजे चराईचा दर. ती रेषा मागे शून्यापर्यंत ओढली की चरणारा एकही नसता तर वाढ किती झाली असती ते मिळतं.

माझ्या समजुतीसाठी एक उदाहरण. समजा वाढीचा दर (क्षणोक्षणीची चक्रवाढ धरून) दिवसाला ०.७० आला, म्हणजे पेशी दिवसात दुप्पट होणार. चराईचा दर ०.४६ आला. वजाबाकी ०.२४, म्हणजे दुसऱ्या दिवशी पेशी जेमतेम सव्वापट दिसणार. नुसती बाटली पाहणारा म्हणेल, सावकाश वाढतंय. प्रत्यक्षात वाढ जोरात आहे आणि तिचा दोन तृतीयांश भाग खाल्ला गेला आहे.

१५ ऑक्टोबर

दिवसभर धुणं. बाटल्या, नळ्या, गाळण्या, सगळं १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात, मग शुद्ध पाण्याने अनेकदा. नव्या नळीतून किंवा गाळणीतून काही झिरपलं आणि चरणारे मेले, तर रेषा खोटी येते आणि खोटी आहे हे कळतही नाही.

१९ ऑक्टोबर

पहिला प्रयोग फसला. रेषा आडवी आली, उतार जवळजवळ नाही. वरवर पाहिलं तर अर्थ असा की इथे कोणी चरतच नाही. मला ते पटेना.

सुरुवातीचा नमुना बादलीतून थेट घेतला होता. त्यात सिलिएट होते. शेवटच्या नमुन्यात, पातळ न केलेल्या बाटलीतसुद्धा, एकही नाही. मग आठवलं की मोठे प्राणी काढायला पाणी २०० मायक्रॉनच्या चाळणीवर मी वरून ओतलं होतं. फेस आला होता आणि मी त्याकडे दुर्लक्ष केलं. कवच नसलेल्या सिलिएटला एका बुडबुड्याचा पृष्ठभागही पुरतो, पेशी फुटून जाते. मी मोजायला निघाले होते त्यांनाच प्रयोग सुरू होण्याआधी मारलं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "ते दिसत नाहीत म्हणून टणक आहेत असं धरून चालू नकोस." हे वाक्य बाटल्यांच्या कपाटावर लिहिलं.

२६ ऑक्टोबर

सगळं सावकाश केलं. चाळणी पाण्यात बुडवून धरली, तिच्या आतून सायफन लावला, नळीचं टोक बाटलीच्या तळाशी, कायम पाण्याखाली. एकही बुडबुडा नाही. मूळ पाण्याचं प्रमाण १००, ७५, ५०, २५ आणि १० टक्के, प्रत्येकी तीन बाटल्या. सगळ्यांत नायट्रेट आणि फॉस्फेट घातलं, कारण पातळ बाटलीत चरणारे कमी म्हणजे त्यांच्या उत्सर्जनातून मिळणारं अमोनियम कमी, आणि मग वाढ खाद्याअभावी थांबली की काय असा संशय उरतो. शिवाय पोषकं न घातलेल्या तीन बाटल्या ताडून पाहायला. बाटल्या वाहत्या समुद्रजलाच्या टाकीत, वर उजेड कमी करणारी जाळी.

२७ ऑक्टोबर

बाटल्यांतलं पाणी गाळलं. पेशींतलं हरितद्रव्य मोजण्यासाठी उतरवून घ्यायला गाळणीचे कागद ९० टक्के ॲसिटोनमध्ये अंधारात ठेवले.

२८ ऑक्टोबर

रेषा आली! १०० टक्क्यांच्या बाटल्यांत हरितद्रव्य सुरुवातीइतकंच, जवळजवळ हललेलं नाही. १० टक्क्यांच्या बाटल्यांत ते स्पष्ट वाढलेलं. मधले बिंदू क्रमाने उतरत गेलेले. किती तरी वेळ मी त्या सर्वांत पातळ बाटलीच्या आकड्याकडे बघत बसले. तेच पाणी, त्याच पेशी, तोच उजेड. फरक फक्त खाणारा भेटण्याचा.

बाहेरचा समुद्र म्हणजे ती १०० टक्क्यांची बाटली. रोज तसाच दिसतो, आणि त्याचं कारण आत काही घडत नाही हे नसून दोन्ही बाजूंनी सारखंच घडतंय हे आहे.

जगभरच्या अशा प्रयोगांचा आढावा अल्बर्ट काल्बेट आणि लँड्री यांनी २००४ मध्ये घेतला. त्यांच्या हिशेबात सूक्ष्म चरणारे दैनंदिन उत्पादनाच्या सरासरी दोन तृतीयांश खातात, किनाऱ्याजवळ सुमारे ६० टक्के आणि खुल्या समुद्रात सुमारे ७०. कोपेपॉड म्हणजे झिंग्याच्या जातकुळीतले चिमुकले तरंगते प्राणी; त्यांच्यासारख्या मोठ्या प्राणिप्लवकांचा वाटा काल्बेट यांच्याच २००१ च्या मांडणीत सुमारे १२ टक्के. शाळेच्या पुस्तकातली साखळी, वनस्पती मग कोपेपॉड मग मासा, ही त्या बारा टक्क्यांची गोष्ट आहे.

३१ ऑक्टोबर

सूक्ष्मदर्शक. लुगॉल (पेशी टिकवणारं आयोडीनचं द्रावण) घातलेला नमुना उटरमॉल चेंबरमध्ये, म्हणजे पेशी तळाशी बसवायच्या काचतळाच्या नळकांड्यात, चोवीस तास बसू दिला, मग उलट्या सूक्ष्मदर्शकाखाली ओळीओळीने मोजणी. लुगॉलमध्ये सगळं चहाच्या रंगाचं होतं. टिंटिनिड जातीचे सिलिएट ओळखायला सोपे, कारण ते फुलदाणीसारख्या कवचात राहतात. एकाने तर कवचावर वाळूचे कण चिकटवलेले. उघडे सिलिएट मात्र आकसून गोळा होतात. गोल तपकिरी ठिपका दिसला की तो सिलिएट की नुसता गाळ, हे ठरवायला कडेच्या पक्ष्माभांची झालर शोधावी लागते.

दुपारी जिवंत थेंब पाहिला. लुगॉलमधल्या त्याच 'ठिपक्यांचा' जिवंतपणी काय वेग! एक उघडा सिलिएट जागच्या जागी फिरत होता, तोंडाजवळचे पक्ष्माभ पाणी ओढत होते, आणि बारीक पेशी त्या ओढीत सापडून आत जात होत्या. या आकारावर पाणी आपल्याला वाटतं तसं पातळ नसतं, घट्ट पाकासारखं चिकट असतं. हात मारायचं थांबलं की पुढे सरकणंही तिथेच थांबतं. म्हणून त्याला अखंड राबावं लागतं. मी मोजणी बाजूला ठेवून अर्धा तास तेच पाहत राहिले आणि त्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

५ नोव्हेंबर

आज हिशेबात गोंधळ घालणारा एक जीव. ताज्या नमुन्यावर निळा प्रकाश टाकला की हरितद्रव्य लाल चमकतं, म्हणून पेशीत काही हिरवं आहे का ते कळतं. लुगॉलच्या नमुन्यात हे दिसूच शकत नाही, त्यामुळे दोन नमुने लागतात. काही सिलिएटांच्या पोटात लाल चमक होती. खाल्लेलं अन्न समजून पुढे जाणार होते, पण सगळ्यांत सारखी, कडेला नीट मांडलेली.

ही चोरलेली हरितलवकं. काही सिलिएट वनस्पतिपेशी गिळतात, बाकीचं पचवतात आणि हरितलवक जपून ठेवतात. ते आत प्रकाशसंश्लेषण करत राहतं. मेसोडिनियम रुब्रम तर त्याच्याही पुढे जातो : क्रिप्टोफाइट नावाच्या एकपेशीय शैवालाचं केंद्रकसुद्धा ठेवून घेतो आणि ते त्याच्या शरीरात काम करत राहतं, त्यामुळे लवकांची देखभाल होते. तो इतका वाढतो की पाणी लाल होतं.

मग हा चरणारा की उगवणारा? माझ्या रेषेत त्याचं हरितद्रव्य 'पीक' म्हणून मोजलं जातं आणि त्याचं खाणं 'चराई' म्हणून. 'वनस्पती' आणि 'प्राणी' हे दोन रकाने जमिनीवर शिकलेले आहेत. वहीत तिसरा रकाना आखला.

११ नोव्हेंबर

सहकारी मित्राशी वाद. त्याचं म्हणणं : ठीक आहे, सूक्ष्म जीव खातात, पण शेवटी त्यांना कोपेपॉड खातो आणि कोपेपॉडला मासा, मग फरक काय पडला?

फरक पायऱ्यांचा पडतो. खाल्लेल्या कार्बनचा साधारण पाव ते तृतीयांश भागच खाणाऱ्याच्या वाढीला लागतो, बाकीचा श्वसनात आणि उत्सर्जनात जातो. कोपेपॉडने मोठा डायाटम (काचेसारख्या कवचातली वनस्पतिपेशी) थेट खाल्ला, तर १०० एकक वनस्पतीतले १०० त्याच्या तोंडी जाऊ शकतात. पण खुल्या समुद्रातल्या बहुसंख्य पेशी फारच लहान. प्रोक्लोरोकोकस हा प्रकाशसंश्लेषण करणारा जिवाणू, जो १९८८ मध्ये सॅली चिझम आणि सहकाऱ्यांच्या कामातून माहीत झाला, सुमारे ०.६ मायक्रॉनचा. कोपेपॉडला तो पकडताच येत नाही. त्याला कशाभिकाधारी खाणार, त्याला सिलिएट खाणार, तेव्हा तो कोपेपॉडच्या मापात येणार. दर पायरीला ३० टक्के धरले तर १०० चे ३०, ३० चे ९. कोपेपॉडच्या तोंडी नऊ.

उरलेले एक्क्याण्णव वाया गेले असं मात्र मी म्हणणार नाही. त्यातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात परततो, आणि नायट्रोजन अमोनियम होऊन त्याच दिवशी पुढच्या वनस्पतिपेशीला मिळतो. जिथे खालून पोषकं येत नाहीत तिथे वरचा हिरवा थर याच परतफेडीवर जगतो. लॉरेन्स पोमेरॉय यांनी १९७४ मध्ये हे चित्र मांडलं, आणि फारूक अझम आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये त्याला 'सूक्ष्मजीवी वळसा' म्हणता येईल असं नाव दिलं : विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य जिवाणू घेतात, जिवाणूंना कशाभिकाधारी खातात, आणि निसटलेलं पुन्हा जाळ्यात येतं.

त्याला आणखी एक गोष्ट सांगितली, तेव्हा तो गप्प झाला. १९९९ च्या एका प्रयोगात ड्युनालिएला नावाच्या शैवालावर कोपेपॉडची पिल्लं नीट वाढेनात, कारण त्यात गरजेची मेदाम्लं नाहीत. तेच शैवाल आधी ऑक्सिरिस मरीना या डायनोफ्लॅजेलेटला खाऊ घातलं आणि मग ती कोपेपॉडला दिली, तर पिल्लं वाढली. मधल्या जीवाने ती मेदाम्लं तयार करून अन्नाचा कस वाढवला होता. मधली पायरी नुसती गळती नाही.

२० नोव्हेंबर

सूक्ष्म चरणारेच पिकावर एवढा ताबा कसा ठेवतात? मला पटलेलं उत्तर : वेळ. वनस्पतिपेशी दिवसाला एकदा विभागते, आणि खायला भरपूर असेल तर सिलिएटही दिवसाला एकदा. पीक वाढलं की खाणारे दोन-चार दिवसांत वाढतात. कोपेपॉडची पिढी अंड्यापासून प्रौढापर्यंत व्हायला आठवडे लागतात. तोवर बहर येऊन गेलेला असतो.

याचा सर्वांत मोठा दाखला लोहाचा. उपआर्क्टिक आणि विषुववृत्तीय पॅसिफिक आणि दक्षिण महासागर, इथे नायट्रेट भरपूर, पण हिरवं कमी. जॉन मार्टिन यांचं म्हणणं होतं की लोह कमी पडतंय. दुसरा पक्ष म्हणत होता, चराई. १९९५ मध्ये विषुववृत्तीय पॅसिफिकमध्ये समुद्रात लोह टाकून पाहिलं. बहर आला, पण तो मोठ्या डायाटमचा. लहान पेशीही जोमाने वाढू लागल्या होत्या, पण सूक्ष्म चरणाऱ्यांनी त्यांना वर येऊ दिलं नाही. म्हणजे दोन्ही पक्ष बरोबर : मोठ्यांना लोह अडवतं, लहानांना खाणारे.

२१ नोव्हेंबर

तिसरा प्रयोग. थंड पाणी. चराई कमी. रोझ आणि कॅरन यांनी २००७ मध्ये दाखवलं होतं की अगदी थंड पाण्यात चरणाऱ्यांची वाढ वनस्पतींपेक्षा जास्त मंदावते. एका प्रयोगावरून मी काही म्हणणार नाही, पण नोंद ठेवते.

२८ नोव्हेंबर

आज वाचलेल्या एका कल्पनेने दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

उत्तर अटलांटिकमध्ये वसंतात मोठा बहर येतो. १९५३ मधल्या स्वेरद्रुप यांच्या मांडणीनुसार कारण सरळ : हिवाळ्यात पाणी खोलवर ढवळलं जातं, पेशी अंधारात जातात, वसंतात हा ढवळला जाणारा थर उथळ होतो, उजेड मिळतो, वाढ सुरू. मायकेल बेहरेनफेल्ड यांनी २०१० मध्ये उपग्रहाची अनेक वर्षांची मोजणी तपासली, तर एकूण साठा वाढायला सुरुवात ऐन हिवाळ्यातच झालेली, जेव्हा वाढीचा दर सर्वांत कमी असतो.

त्यांचा खुलासा असा. हिवाळ्यात वरचं पाणी खोल, जवळजवळ जीव नसलेल्या पाण्यात मिसळतं. खाणारे आणि खाद्य दोन्ही पातळ होतात, गाठीभेटी घटतात. वाढ मंदावली, पण चराई त्याहून जास्त मंदावली. वजाबाकी वर गेली. वसंतात थर उथळ झाला की दोघं पुन्हा जवळ येतात आणि चरणारे पिकाला गाठतात.

म्हणजे माझ्या टाकीत पंधरा-वीस बाटल्यांत मी जे करते, ते एक अख्खा महासागर दर हिवाळ्यात करतो. या मांडणीवर वाद आहेत, उजेड आणि वाऱ्यावर भर देणारे अभ्यासक आहेत, आणि सगळीकडे एकच कारण असेल असं मलाही वाटत नाही. पण बहर म्हणजे वाढ जोरात असणं, ही समजूत माझ्यापुरती आज संपली. वाढ आणि खाणं यांच्यात थोडी फट पडली तरी बहर येतो.

३ डिसेंबर

चौथ्या प्रयोगात रेषा सरळ नाही. पातळ भागात छान उतार, आणि ५० टक्क्यांच्या पुढे सपाट. खाद्य फार झालं की चरणाऱ्याचं पोट भरतं, मग जास्त गाठी पडल्या तरी तो जास्त खात नाही. पाण्यात हिरवं जास्त होतं, तेव्हा हे शक्य आहे. सगळ्या बिंदूंतून एकच रेषा ओढली तर चराई चुकीची येईल. मॅडमनी सपाट भाग लपवू नकोस म्हणून बजावलं. दोन्ही रेषा अहवालात जातील.

दुसरी शंका हरितद्रव्याची. टाकीतला उजेड समुद्रापेक्षा वेगळा असेल तर पेशी आपलं हरितद्रव्य कमी-जास्त करते, पेशींची संख्या न बदलता. यापुढे दर वेळी पेशींची थेट मोजणीही.

९ डिसेंबर

सकाळी जिवंत नमुन्यात प्रोटोपेरिडिनियम ही एक डायनोफ्लॅजेलेट दिसली. अंगावर पत्र्यांसारखं जाड चिलखत, त्यामुळे स्वतःएवढं काही गिळणं तिला शक्य नाही. समोर तिच्याहून कितीतरी लांब डायाटमची साखळी. आधी ती साखळीभोवती घिरट्या घालत राहिली. मग एक बारीक धागा साखळीला चिकटला. त्या धाग्यावरून पारदर्शक पडदा पसरत गेला, अगदी सावकाश, एकेका पेशीवर, जोवर बहुतेक साखळी त्यात गुंडाळली गेली. पचन त्या पडद्यातच, शरीराबाहेर. डायाटमच्या आतला सोनेरी तपकिरी रंग फिका होत गेला आणि एकेक खोली रिकामी झाली.

मग पडदा आत ओढला गेला आणि ती निघून गेली. काचेसारखी कवचं थेंबात तशीच तरंगत होती, सगळी एकमेकांना जोडलेली, आत काहीही नाही. आमच्या मोजणीच्या तक्त्यात 'रिकामी कवचं' असा रकाना नव्हता. आज घातला, आणि ऑक्टोबरपासूनचे सगळे नमुने पुन्हा चेंबरमध्ये बसायला ठेवले.